सरोदेबाईंची तिसरी गोष्ट

“सर, ही एका बैठकीत वाचा,” सरोदेबाई म्हणाल्या. “मध्ये थांबायचं असेल तर वाचूच नका.”

शिक्षकखोलीत आम्ही दोघंच होतो. मधली सुट्टी संपून पाचवा तास सुरू झाला होता आणि माझा तो तास मोकळा होता. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली, पण हात वहीवरच राहिला. मी वही माझ्याकडे ओढायला लागलो तेव्हा कुठे त्यांनी तो उचलला.

चौऱ्याऐंशी सालचा ऑगस्ट होता. नांदरखेडे हे तापीकाठचं तालुक्याचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो आणि ‘तापीतरंग’ नावाच्या साप्ताहिकाचा दिवाळी अंक बघायचो. साप्ताहिक आणि छापखाना नाना वाण्यांचा. अंकासाठी मजकूर मागवणं, निवडणं, दुरुस्त करणं हे माझं काम. प्रती हजारभरच निघायच्या, पण शाळेबाहेर मला बेंडाळे सर म्हणून चार माणसं ओळखायची ती त्या अंकामुळे.

इंदुमती सरोदे टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. वय सव्वीस-सत्तावीस, लग्न व्हायचं होतं. वडील निवृत्त पोस्टमन, धाकटा भाऊ शिकत होता, घर बाईंच्या पगारावर चालायचं. आधीच्या दोन अंकांत मी त्यांच्या दोन गोष्टी छापल्या होत्या. बऱ्या होत्या. मी शेवट थोडे छाटले, शीर्षकं बदलली, तर त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणाल तसं.” वाचनालयात मी नवोदितांसाठी दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं, तिथे त्या पहिल्या रांगेत बसून माझं बोलणं उतरवून घ्यायच्या.

“कशावर लिहिलंय या वेळी?” मी विचारलं.

“एक्स्चेंजवर. ऑपरेटरवरच आहे.”

“उत्तम. स्वतःच्या अनुभवातलं लिहायला लागलात हे फार छान.”

“तुम्हीच शिबिरात म्हणाला होता ना, जे सांगायची भीती वाटते तिथून लिहायला सुरुवात करा म्हणून.” मग म्हणाल्या, “दोन वर्षं लागली मला.”

एवढं बोलून त्या ड्युटीवर निघून गेल्या. मी वही उघडली.

आमच्याकडे तेव्हा नंबर फिरवायची सोय नव्हती. घरातला फोन उचलला की एक्स्चेंजातल्या बोर्डावर त्या नंबरची झडप पडायची, ऑपरेटर “नंबर?” म्हणून विचारायची आणि दोरीची पिन खोचून लाईन जोडून द्यायची. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायचं. आवाज नीट येतोय ना हे बघायला ऑपरेटर मधूनमधून कान द्यायची. ऐकलेलं मात्र बाहेर काढायचं नाही. तसं नोकरीत शिरतानाच लिहून दिलेलं असायचं.

गोष्टीतल्या ऑपरेटरचं नाव शांता. वैशाखातली दुपार. गावातल्या एका बड्या घरातून ट्रंक कॉल बुक होतो आणि दोन वाजून दहा मिनिटांनी लागतो. लाईनला खरखर फार, म्हणून शांता कान देते. त्या घरच्या मालकीणबाई आपल्या भावाला सांगत असतात, “आजच निघा सगळे. सून भाजली आमची. गेली.”  शांता त्या कॉलच्या तिकिटावर वेळ टाकते. चार वाजता ड्युटी संपल्यावर घरी जाताना त्या घरावरून जायचं तिच्या जिवावर येतं, पण रस्ता तोच. बघते तो ओट्यावर सून बसली आहे. सुपात गहू घेऊन निवडते आहे.

“फोनवाल्या ताई,” सून हाक मारते, “माहेरी बोलायचंय हो मला. उद्या मिळेल का लाईन?”

“मिळेल,” शांता म्हणते आणि घरी जाते. आपल्या ऐकण्यात चूक झाली, दुसऱ्या कुणाच्या सुनेचं असेल, असं ती स्वतःला बजावत राहते. चहा करते. केस विंचरते. वडिलांना काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि मिटते. सहा वाजता गल्लीत आरडाओरडा होतो. त्या घरात स्टोव्हचा भडका उडालेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांता पुन्हा बोर्डावर. सुनेच्या माहेरून फोन येतो. आईला अजून काही कळलेलं नाही, बरेच दिवस लेकीचा फोन नाही म्हणून तिनंच लावला आहे. शांता लाईन जोडून देते, कानावरचा हेडफोन काढते आणि टेबलावर ठेवते. तिथे गोष्ट संपत होती.

वाचून झालं तेव्हा सातवा तास चालू होता. सहाव्या तासाला नववी ब माझी वाट बघत होती, त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला असणार. मला काही ऐकू आलं नव्हतं.

त्र्यंबकशेठ आमच्या गावातले कापसाचे जिनिंगवाले. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षही तेच. त्यांची सून नलिनी दोन वर्षांपूर्वी वैशाखातच भाजून गेली होती. स्टोव्हचा भडका उडाला असं सगळं गाव म्हणालं, मीही म्हणालो. स्मशानात शाळेच्या वतीनं श्रद्धांजलीचे चार शब्द बोललो ते मीच.

वही मी घरी आणली आणि कपाटात पुस्तकांमागे ठेवली. विजयानं, माझ्या बायकोनं, ती ठेवताना बघितली. संध्याकाळी मी फिरून येईपर्यंत ती चुलीपुढे बसून वाचत होती. भात लागल्याचा वास घरभर सुटला होता.

“भात,” मी म्हणालो.

तिनं पातेलं उतरवलं आणि वही मांडीवरच ठेवून म्हणाली, “गहूच निवडत होती ती. त्या दिवशी दळण घेऊन मी तिथनंच आले. माझ्याशी हसली.”

“अगं, ही गोष्ट आहे.”

“बरं, गोष्ट. छापणार?”

“बघू.”

“बघू म्हणजे नाही.”

मी खाटेवर बसलो. घर संस्थेचं होतं. पर्यवेक्षकाची जागा दिवाळीनंतर भरायची होती आणि माझं नाव पुढे होतं. धाकटी तेव्हा सात महिन्यांची होती. यातलं काहीच मी बोलून दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

“छापा असं मी म्हणत नाही,” विजया म्हणाली. “मलाही आपली पोरं दिसतायत. पण त्या बाईला खरं सांगा. सांगा, की आम्हाला भीती वाटते. दुसरं काही सांगू नका.”

“हो,” मी म्हणालो.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला त्र्यंबकशेठ आले. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं मऊ. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काय बेंडाळे सर, यंदा अंक जोरात ना? मागच्या पानाची जाहिरात आपलीच धरा बरं का. आणि काही चांगलं वाचायला द्या लोकांना. सरोदेंची मुलगी लिहिते म्हणे, चांगलं लिहिते. मंडळी वाचतात आमच्याकडे.”

“हो, लिहिते,” मी म्हणालो. माझ्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

त्यांच्या बोलण्यात काहीसुद्धा नव्हतं. दर वर्षी ते असंच बोलायचे. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही सुचवलं नाही, हे मी नंतर कितीतरी वेळा स्वतःशी घोळवलं आहे. कुणी धमकी दिली असती तर निदान ती तरी विजयाला सांगता आली असती.

पुढच्या रविवारी सकाळी सरोदेबाई छापखान्यात आल्या. नाना बँकेच्या माणसाबरोबर बाहेर गेले होते. आत मशीन चालू होतं, त्यामुळे जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती. स्टुलावर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. खरं सांगायचं हे मी घरून ठरवून निघालो होतो. वाक्यही जुळवलं होतं. पण तोंड उघडलं आणि माझ्यातला मास्तरच बोलायला लागला.

“भाषा चांगली आहे तुमची,” मी म्हणालो. “पण गोष्ट फसली आहे.”

“फसली?”

“वाचकाला पटत नाही. आधी फोन येतो, मग तसंच्या तसं घडतं, हे फार जुळवून आणल्यासारखं वाटतं. नाटकी होतं. आयुष्यात असं काही घडलं तरी गोष्टीत ते खरं वाटावं लागतं.”

त्यांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर छोटी डायरी होती, तिच्यात त्या काहीतरी लिहून घ्यायला लागल्या. माझं बोलणं लिहून घेत होत्या. ते बघून मला थांबता आलं असतं. मला उलट जोर चढला.

“आणि मुख्य म्हणजे ती शांता. ते पात्रच खोटं पडतं. इतकं ऐकल्यावर कोण माणूस गप्प बसेल? समोर ती मुलगी बसलेली दिसते, हाक मारते, आणि ही बाई घरी जाऊन केस विंचरते? कुणीही विचारेल, ही माणूस आहे की कोण?”

बाईंचं पेन थांबलं. चेहरा असा उतरला की मला वाटलं आता उठून जातील. पण त्या बसून राहिल्या. मशीनचा खडखडाट चालूच होता.

“कुणीही विचारेल,” त्या हळू म्हणाल्या. मला ते ओठांवरून कळलं.

“शेवट बदलता येईल,” मी म्हणालो. “तिच्या ऐकण्यात खरंच चूक झाली असं दाखवा. भडका हा अपघातच. मग तिच्या मनातल्या संशयाची एक हळवी गोष्ट होईल. तशी दिलीत तर या अंकात घेतो.”

“नको सर.”

“विचार करा.”

“चूक झाली नव्हती ना पण तिची,” त्या म्हणाल्या. मग वही पिशवीत घातली, डायरीही घातली. दारापाशी जाऊन वळल्या. “तुम्ही स्पष्ट बोललात, बरं झालं.”

मी घरी आलो. विजयानं विचारलं, “सांगितलंत?”

“सांगितलं,” मी म्हणालो.

त्या अंकात बाईंच्या जागी मी एका निवृत्त मामलेदारांची विनोदी गोष्ट घातली. मागच्या पानावर जिनिंगची जाहिरात होती. मार्गशीर्षात सरोदेबाईंची बदली झाल्याचं कळलं, कुठे तरी सातपुड्याच्या पायथ्याशी. निरोप घ्यायला त्या आल्या नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच सुमाराला त्र्यंबकशेठांच्या मुलाची, नलिनीच्या नवऱ्याची, दोंडाईच्याच्या मुलीशी ठरलेली सोयरीक मोडली. का मोडली ते कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. मी पर्यवेक्षक झालो, नऊ वर्षांनी मुख्याध्यापक. अंक आणखी सहा वर्षं काढला. कुणीतरी सत्काराच्या भाषणात मला निर्भीड संपादक म्हणालं, तेव्हा समोर बसलेली विजया पदराशी चाळा करत होती. पुढे त्र्यंबकशेठ वारले. विजया गेली त्यालाही आता दहा वर्षं होतील.

सरोदेबाई मला पुन्हा भेटल्या त्या नाशकात, दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरात. मी मुलाकडे राहायला आलो होतो. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला द्यायचा महिना, बँकेत ही रांग. पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, “बेंडाळे सर ना? मी इंदुमती सरोदे. नांदरखेड्याची.”

केस पांढरे झाले होते, चष्मा जाड होता. आवाज मात्र तोच, “नंबर?” विचारणारा. भावाचं घर बँकेमागेच होतं, त्या तिथेच राहत होत्या. चहाला चला म्हणाल्या, तर मला नाही म्हणता आलं नाही.

त्यांच्या भाचीनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

“लिहिता का काही?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण दुसरं काय बोलावं ते सुचेना.

“छे. ते तेव्हाच सुटलं.” त्या हसल्या. “पण सर, तुमचे आभार मानायचे राहिले होते. पस्तीस वर्षं राहिलेत.”

“माझे? कशाबद्दल?”

“त्या दिवशी छापखान्यात तुम्ही विचारलंत, इतकं ऐकल्यावर कोण माणूस गप्प बसेल. मला वाटलं, सरांनी ओळखलं. ही शांता कोण, ते घर कुणाचं, सगळं ओळखलं, आणि तोंडावर न म्हणता मला विचारतायत. तो फोन मीच जोडला होता, सर. आणि त्या दिवशी घरी जाऊन मी खरंच केस विंचरले होते.”

मी कपाकडे बघत राहिलो.

“आठ दिवस अन्न गेलं नाही. नवव्या दिवशी चौकीत गेले. जे ऐकलं ते वेळेसकट लिहून दिलं. तिथले साहेब म्हणाले, दोन वर्षं झोपला होतात का? आणि पुरावा काय? तिकिटं कधीच रद्दीत गेलेली. वर मीच अडकले, ग्राहकाचं बोलणं फोडलं म्हणून. चौकशी झाली, बदली झाली. वडील माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.”

“मला यातलं काहीच…”

“कसं ठाऊक असणार. दाबलंच सगळं त्यांनी. पण चौकीतल्या एका हवालदाराची सासुरवाडी दोंडाईच्याची. त्यानं तिकडे सांगितलं. ती सोयरीक मोडली ना, त्यामुळे. मुलीच्या बापानं बस्त्यापर्यंत आलेलं लग्न मोडलं.” त्यांनी कप खाली ठेवला. “त्या मुलीला मी कधी पाहिलं नाही. कुठे तरी असेल, नातवंडं असतील. तुम्ही त्या दिवशी लागेल असं बोलला नसता तर मी गेले नसते. म्हणून आभार.”

मी त्यांना थांबवायला हवं होतं. आभार घेऊन, चहा पिऊन निघूनही जाता आलं असतं, आणि तसं जावं असं मनात आलंही. खोटं कशाला सांगू.

“सरोदेबाई,” मी म्हणालो, “मी तुम्हाला काही विचारत नव्हतो. मी घाबरलो होतो. घर ओळखलं होतं मी, पहिल्याच वाचनात. शेठ आमचे अध्यक्ष. गोष्ट छापायची नव्हती, आणि भीती वाटते हे तुमच्यासमोर बोलवेना, म्हणून गोष्टीला नावं ठेवली.”

 बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली.

“म्हणजे?” त्या म्हणाल्या. “गोष्ट फसली नव्हती?”

“नाही.”

“पटत नव्हती असं नव्हतं?”

“नाही. चांगली होती. इतक्या वर्षांत माझ्याकडे तशी दुसरी आली नाही.”

त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून ठेवला.

“मी नंतर लिहायला बसले होते हो, सर,” त्या म्हणाल्या. “एकदा नाही, कितीदा तरी. बदलीच्या गावी करमायचं नाही. लिहायला खूप होतं. पण एक वाक्य लिहिलं की वाटायचं, हे पटणार नाही. नाटकी होतंय. माणसं खोटी पडतायत. डायरीत तुमचे शब्द होते ना सगळे, ते वाचायचे आणि वही मिटायचे. चौकीच्या पायऱ्या चढताना मला भीती वाटली नव्हती. कोऱ्या पानापुढे बसले की वाटायची. मी म्हटलं, आपल्यात ते नाहीच. सरांना ठाऊक असणार.”

“ती वही आहे का?”

“बंबात घातली. नांदरखेडं सोडताना.”

मी माफी मागितली. कोणत्या शब्दांत मागितली ते आठवत नाही. त्या ऐकत होत्या की नव्हत्या हेही सांगता येत नाही. माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होत्या.

“चांगली होती,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “एवढंच सांगायचं होतंत, सर. नसती छापली तरी चाललं असतं.”

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. मी वाट बघत बसलो. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग भाची बाहेर आली, बिचारी अवघडली होती.

“आजोबा, आत्या जरा पडलीय. तुम्ही निघालात तरी चालेल म्हणाली.”

“हो, हो,” मी म्हणालो.

चहा तसाच राहिला होता, गार होऊन वर साय धरलेली. मी तो सगळा पिऊन टाकला. कप भरलेला ठेवून उठलो तर त्या मुलीला काय वाटेल, असं मनात आलं म्हणून.